अकरा महिन्यांचं घर

तुम्ही दोघं भावंडं मिळून भाड्याने घेताय त्या घराचा करार मी सावकाश, दोन दिवस लावून वाचला. "आजी, तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, जरा बघ, यात आम्हाला कुठे अडकवलेलं नाही ना," असं तुम्ही लिहिलं होतं. अडकवलेलं काही नाही. सही करा. सतरा पानं भरून लिहिलंय ते एवढंच, की घरमालक घाबरलेला आहे. सोफ्यावर डाग पडेल, पडद्याची दांडी वाकेल, मुदत संपली तरी तुम्ही हलणार नाही. सामानासकट घर दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस असाच घाबरलेला असतो. मला हे ठाऊक आहे, कारण असा एक करार मीही लिहिला होता, आणि तो तुमच्या घरमालकाच्या करारापेक्षा कमी भित्रा नव्हता.

तुमच्यातल्या थोरलीला रत्नागिरीचं घर थोडंफार आठवत असेल. धाकट्याला आठवायचं कारण नाही. चिऱ्याचं, कौलारू, पुढे-मागे पडवी. गावाबाहेरच्या चढावावर होतं, त्यामुळे मागच्या पडवीतून झाडांच्या फटीतून खाडीचा हातभर तुकडा दिसायचा. तुमचे आजोबा बंदर खात्यात नोकरीला होते. आयुष्यभर पाण्याकडे बघत बसलेला माणूस, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी चहा घेऊन मागच्या पडवीत जाऊन त्या हातभर पाण्याकडे बघत बसायचा. भरती की ओहोटी ते मला आतल्या खोलीत ओरडून सांगायचे. मला त्या माहितीचा काही उपयोग नव्हता. तरी मी "बरं" म्हणायची.

१९९८ च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखं. तुमची आत्या पुण्याहून आली आणि म्हणाली, इथे तुम्हाला कोण बघणार, व्यायाम शिकवणारा माणूस रोज लागेल, मोठं हॉस्पिटल जवळ लागेल. बरोबरच बोलत होती. जायचं ठरलं. पण आजोबांनी एक अट घातली. घर बंद करायचं नाही आणि रिकामंही करायचं नाही.

"बंद घर... वाळवी खाते," ते म्हणाले. मग, "आणि सामान हलवलं... तर मी मेलो... असं समजेन."

म्हणून सामानासकट भाड्याने द्यायचं ठरलं.

आमच्याकडे जमीन-जुमला असलेल्या घरांत एक भीती पिढ्यान्‌पिढ्या असते, कूळ लागण्याची. माझ्या सासऱ्यांच्या भाताच्या दोन मळ्या कुळाच्या नावावर झाल्या होत्या. त्यात अन्याय काही नव्हता, कसणारा तोच होता, पण सासूबाई मरेपर्यंत त्या मळ्यांच्या बांधावरून गेल्या नाहीत, लांबच्या वाटेने जायच्या. ती भीती माझ्यातही उतरली होती. वकिलांकडे गेले तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की भाडेकरू घरातून निघालाच नाही तर?

वकील हसले. "बाई, भाडेकरू हा शब्दच विसरा. परवानाधारक म्हणायचं. तुम्ही घर भाड्याने देत नाही, वापरायचा परवाना देताय. आणि मुदत अकरा महिने. बारावा उजाडायच्या आत करार संपला पाहिजे."

"म्हणजे घराचं... लायसन," आजोबा म्हणाले. "हॉर्न... कुठे आहे?"

आजारपणानंतरची ती त्यांची पहिली थट्टा. मी वकिलांच्या कचेरीत रडले, आणि वकिलांना वाटलं कलमांना घाबरले.

पुढे कायदे बदलले. आता अकरा महिन्यांचाही करार नोंदवावा लागतो. तेव्हा आमच्याकडे कोणी नोंदवत नसे. मुद्रांकाच्या कागदावर टंकलेखन करायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, झालं. सहीसाठी कोणाला कुठे जावंही लागत नसे, कागद पोस्टाने यायचा.

करार वकिलांनी केला, पण यादी माझी. घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी मी स्वतः केली, खोलीवार आणि जागेसकट. "माजघर, पूर्वेची भिंत : शिसवी कपाट, आरशाचं, किल्ली एक." "स्वयंपाकघर, खिडकीखाली : टेबल, लाकडी, चार पायांपैकी एकाखाली पुठ्ठा." मला सगळं जागच्या जागी लागतं हे तुम्हाला माहीत आहे. थोरली लहानपणी मुद्दाम माझा चष्मा इकडचा तिकडे करून ठेवायची. तर करारात मी वकिलांकडून एक कलम घालून घेतलं, नववं : यादीतल्या वस्तू नमूद केलेल्या जागेवरून हलवू नयेत. आजोबा परत येतील तेव्हा त्यांना कुठलीही गोष्ट शोधावी लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. डाव्या हाताने चाचपत चालणाऱ्या माणसाला खुर्ची जिथे होती तिथेच मिळायला हवी.

घर घ्यायला आली ती पूर्णगडची एक मुसलमान बाई. नवरा बोटीवर. दोन मुली, थोरली सहावीत जाणारी. मुलींना शहरातल्या शाळेत घालायचं म्हणून तिला रत्नागिरीत राहायचं होतं, आणि नवरा वर्षातले दोन-तीन महिनेच घरी असल्यामुळे संसाराचं जड सामान तिच्याजवळ नव्हतं. तिला मांडलेलंच घर हवं होतं. तीस-बत्तिशीची, बारीक अंगाची, बोलताना डोक्यावरची ओढणी पुन्हा पुन्हा सारखी करणारी. मी अकरा महिन्यांचं समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, "माहिताय बाई. आमच्या घरात पण कराराचंच चालतं. ते नऊ महिन्यांचं सांगून बोटीवर जातात. नवाचे कधी बारा होतात, कधी चौदा. मी नऊच धरून बसते."

तिने यादी वाचली, शेवटच्या पानापर्यंत, आणि विचारलं, "कपबशा मोजून लिहिल्यात, त्यात आम्ही चहा प्यायचा ना?"

"अहो, प्यायचा की."

"नाय, विचारून घेतलं. फुटली तर?"

"फुटली तर फुटली."

"तसं लिवलेलं नाय," ती म्हणाली, आणि हसली.

कागदावर सह्या झाल्या तरी आजोबांच्या लेखी करार पुरा झाला नव्हता. जागेवाल्याला सांगायचं राहिलं होतं. आपल्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो असं मानतात. घरात काही बदल होणार असेल तर त्याच्या कानावर घालावं लागतं, नारळ ठेवून, मोठ्याने बोलून. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. खालच्या वाडीतले एक म्हातारे हे काम करायचे. ते आले, कुंपणाच्या कोपऱ्यात चाफ्याखाली नारळ ठेवला, डोळे मिटले. आजोबा खुर्चीत, मी मागे उभी, आणि आमच्यापासून चार पावलं लांब ती आपल्या मुलींना धरून.

"हे जागेवाल्या म्हाराजा! ह्या घराचे धनी आजारपणापायी लांब चाल्लेत. त्यांच्या जागी ही आईलेकरं राहायला आलीत. त्यांना सांभाळ!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आणि धन्याला अकरा महिन्यांत बरा करून ह्या पडवीत परत आणून बसव!"

"व्हय म्हाराजा."

"आमीन," मागून ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. आजोबाही मान वळवून बघायला लागले. ती गोरीमोरी झाली. "चुकलं काय?"

"नाय, नाय," म्हातारे म्हणाले. "त्याला समजतं." आणि डोळा मिटून पुढचं म्हणायला लागले.

आम्ही पुण्याला आलो. आत्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या दिसायच्या. आजोबा रोज दोन वेळा व्यायाम करायचे, दातओठ खाऊन, आणि डाव्या हाताच्या बोटांवर महिने मोजायचे. पाच बोटं दोनदा आणि वर एक. अंगठा दुसऱ्यांदा आला की मला म्हणायचे, "झालं... आता एकच."

अकरा महिने झाले तेव्हा ते काठी घेऊन चार पावलं चालत होते. मी डॉक्टरांना भेटले, एकटीच. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहायला हवं. मी विचारलं, किती दिवस? ते माझ्याकडे बघत राहिले. शिक्षिका असून असा प्रश्न विचारते, असं त्यांना वाटलं असावं. मग हळूच म्हणाले, "आता कायमच."

हे मी आजोबांना सांगितलं नाही. आत्यालाही सांगू दिलं नाही. मी सांगितलं, पायात आणखी थोडी ताकद यायला हवी म्हणतात. वकिलांना पत्र लिहिलं. त्यांनी नवा कागद पाठवला, मी आजोबांची डाव्या हाताची सही घेतली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"त्याला... कळवलं का?"

"कळवलं. नारळ ठेवला."

ते समाधानाने पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागले. त्यांच्यासमोर बसून भाजी निवडताना माझ्या मनात यायचं, की हा कागद म्हणजे मी या माणसाला देत असलेलं औषध आहे आणि ते खोटं आहे. पण औषध लागू पडत होतं. ते व्यायाम करत होते. जेवत होते. रात्री स्वस्थ झोपत नसत, पण सकाळी उठून विचारायचे, आज भरती किती वाजता असेल? मी काहीतरी वेळ सांगायची. "चूक," ते म्हणायचे आणि बरोबर वेळ सांगायचे. पुण्यात बसून त्यांना ती कशी समजायची कोण जाणे, तिथी धरून हिशेब करत असावेत.

दुसरी मुदत संपत आली, २००० सालच्या सुरुवातीला, तेव्हा तिचं पत्र आलं. अक्षर थोरल्या मुलीचं होतं, बोलणं आईचं. थोरली जूनमध्ये आठवीत जाईल. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षं एका जागी मिळतील का? दर अकरा महिन्यांनी मुलींना वाटतं, आता निघायचं. तीन वर्षं द्यायची नसतील तर राग नाही, पण मग शाळेजवळ दुसरं घर बघावं लागेल, तसं आताच सांगा.

मी ते पत्र आठ दिवस पर्समध्ये ठेवलं. तीन वर्षं म्हटलं की आजोबांना सगळं कळणार होतं. पाच बोटांच्या हातावर छत्तीस महिने मोजता येत नाहीत. नाही म्हटलं तर ती जाणार, दुसरं कोणीतरी येणार, आणि आमचं अकरा-अकरा चालू राहणार. खरं सांगायचं तर मी नाही म्हणायलाच रत्नागिरीला गेले. पत्राने नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आत्याला आजोबांजवळ ठेवलं आणि एस.टी.ने गेले.

दुपारी घरी पोचले. मुली शाळेतून यायच्या होत्या. तिने दार उघडलं, मला बघून आधी घाबरली, मग आत नेलं. मी माजघरात पाऊल टाकलं आणि उभीच राहिले. सगळं जागच्या जागी होतं. कपाट, आरसा, कोपऱ्यातलं तिवईवरचं तांब्या-भांडं. वर्तमानपत्रांची रद्दी जिथे होती तिथे, तीच. आणि भिंतीवर १९९८ चं कॅलेंडर, जूनचं पान वर, आजोबांच्या औषधांच्या वेळा मी पेनाने लिहिलेल्या.

"हे अजून काढलं नाहीत?"

"यादीत आहे, बाई." तिने यादी आणून दाखवली. होतं. मीच लिहिलं होतं, भराभर वस्तू उतरवण्याच्या नादात : "माजघर, दक्षिणेची भिंत : कॅलेंडर एक." तिने स्वतःचं चालू सालचं कॅलेंडर मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलं होतं, कारण दाराचा यादीत उल्लेख नव्हता.

तेवढ्यात मुली आल्या. मला बघून सलाम केला, दप्तरं काढली, आणि जमिनीवर चटई टाकून अभ्यासाला बसल्या, खिडकीपासून लांब, अंधाऱ्या बाजूला. थोरली वहीत अगदी डोकं घालून लिहीत होती. मी विचारलं, टेबलावर का नाही बसत? धाकटी पटकन म्हणाली, "टेबल स्वयंपाकघरात आहे ना. हलवायचं नाय." मग आईकडे बघून जीभ चावली.

"अहो पण..." मी तिच्या आईला म्हणाले, "असं कुठे शब्दशः धरायचं असतं? कोणी विचारलं असतं का तुम्हाला?"

ती चहा गाळत होती. "तुम्हीच म्हणाला होतात, काका येतील तेव्हा सगळं तस्संच दिसायला हवं. मी म्हटलं, दिसू दे. माझा नवरा येतो तेव्हा त्याला पण असंच लागतं. चप्पल कुठे, टॉवेल कुठे. जरा हललेलं दिसलं की त्याचं तोंड उतरतं, म्हणजे आपल्यावाचून यांचं चाललंय तर." तिने कप माझ्यापुढे ठेवला. "पण तो येतो, बाई. चौदा महिन्यांनी का होईना. काका येणार आहेत का?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी कपाकडे बघत म्हटलं, "नाही."

तिने ओढणी सारखी केली. मुलींना हाक मारून म्हणाली, "ए, बाईंना भरतीचं पाणी दाखवा मागच्या पडवीत नेऊन." मला रडायला जागा करून दिली तिने. मागे पडवीत आजोबांची खुर्ची खाडीकडे तोंड करून होती आणि तिच्यावर कोणी बसत नव्हतं हे तिच्या वेताकडे बघूनच कळत होतं. ज्या घराची मी पुण्यात रोज आठवण काढत होते ते हेच होतं, जसंच्या तसं, आणि त्यात दोन मुलींचं बालपण भिंतीला चिकटून, अंग चोरून चाललं होतं. मला त्या घरात परत यायचं होतं. इतकं, की ती खुर्ची धरून मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आणि त्याच वेळी मला पक्कं कळलं होतं, की असं थांबवून ठेवलेल्या घरात कोणी परत येत नसतं.

कॅलेंडर मी जाताना स्वतः उतरवलं.

पुण्याला येऊन आजोबांना सांगितलं. डॉक्टरांचं आधी, मग तीन वर्षांचं. सगळं एका दमात, वर्गात धडा वाचावा तसं. ते गच्चीवरच्या टाक्यांकडे बघत होते.

"कधी... म्हणाले डॉक्टर?"

"मागच्या वर्षी."

"मागच्या... वर्षी." मग डाव्या हाताच्या बोटांकडे बघत, "आणि मी... वेड्यासारखा... बोटं मोजत होतो."

त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. व्यायामही केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "वाच... करार." वकिलांनी पाठवलेला मसुदा मी वाचून दाखवला. संपल्यावर म्हणाले, "यादी?"

"या वेळी यादी नाही."

"मग ते... वापरणार काय?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. त्यावर भांडण झालं नाही. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवर. तीन वर्षांचा करार म्हणजे नोंदणी आली. घर आजोबांच्या नावावर, त्यांना रत्नागिरीच्या नोंदणी कचेरीत हजर राहावं लागणार. आत्या म्हणाली, आईच्या नावाने मुखत्यारपत्र करू.

"मुखत्यार?" आजोबा म्हणाले. "मी काय... मेलोय?"

"बाबा, आठ तासांचा प्रवास आहे."

"कागदावर... माझी सही लागते. मी... जाणार."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. अकरा महिन्यांच्या कागदांनी त्यांना दोन वर्षं पुण्यात बसवून ठेवलं होतं. घर खऱ्या अर्थाने सोडायचं ठरलं, आणि तेव्हाच त्यांना घरी न्यायचं कारण मिळालं. डॉक्टर नाखूश होते, पण शेवटी म्हणाले, घेऊन जा, एकदा.

एप्रिलमध्ये गेलो, भाड्याची गाडी करून. रात्री एस.टी. स्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरलो. तिने घरीच राहा म्हणून फार आग्रह केला होता. आजोबा म्हणाले, "मुदत... चालू आहे त्यांची. बेकायदा होईल." आपल्याच गावात लॉजच्या पलंगावर ते बसले होते ते मला अजून दिसतं.

सकाळी कचेरीत कारकुनाने विचारलं, स्वखुशीने देताय ना? आजोबांनी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की तो चुळबुळायला लागला. मग म्हणाले, "हो." डाव्या हाताचा अंगठा उठवला, सही केली. तिने सही केली. तिचे डोळे सारखे आजोबांच्या पायांकडे जात होते, पडतील की काय म्हणून.

तिथून जेवायला घरी. तिने तांदळाची वाफवलेली सांदणं केली होती. "मीठ अगदी नाय घातलं, काका." आजोबांनी तीन खाल्ली. स्वयंपाकघरातलं टेबल आता माजघरात खिडकीशी होतं, त्यावर मुलींच्या वह्या, एक फुटकी कपबशी पेनं ठेवायला. आजोबांनी काठीने तिकडे दाखवलं आणि थोरलीला विचारलं, "कुठला... विषय?" भूगोल म्हणाली. "भरती-ओहोटी... आली का?" तिला आली नव्हती. मग त्यांनी शिकवली. एकेक शब्द ओढून काढत, टेबलावर वाटी आणि लिंबू मांडून, पाऊण तास. ती पोर एकदाही कंटाळली नाही.

मग म्हणाले, जरा पडतो. त्यांच्या जुन्या पलंगावर आता मुलींची परदेशातली ब्लँकेटं होती, मोठमोठ्या फुलांची. त्यातच ते आडवे झाले आणि झोपले. दोन वर्षांत मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, डावा हात छातीवर, बोटं सैल. घरात कोणी आवाज करत नव्हतं. ती मुलींना घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली होती. मी पलंगाशी स्टुलावर बसून होते.

तीन वाजता ड्रायव्हर दारात आला. "आजी, निघायला पाहिजे. आंबा घाट उजेडात पार झालेला बरा."

मी त्याला म्हटलं, "अर्धा तास थांब."

साडेतीनला तो पुन्हा आला, तेव्हा आजोबा संथ घोरत होते. मी हातानेच त्याला थांबायला सांगितलं.